चार हातांचं मशीन

“हं म्हणायचं. बस्स, एवढंच. हं!”

बाबालाल मेस्त्री मशीनच्या बाजूला उभा राहून, पोरांकडून पाढे म्हणवून घ्यावेत तसं आम्हा दोघींना शिकवत होता. मी मशीनच्या पुढच्या अंगाला, माझी थोरली जाऊ द्वारका मागच्या अंगाला आणि मधे ते हिरव्या रंगाचं धूड.

“मालनवैनी, तुम्ही चामड्याचा थर साच्यात ठेवला, हात भाईर काढला, की म्हणायचं हं. हं ऐकल्याबिगर द्वारकावैनींनी पायडलला पाय लावायचा न्हाई. कळलं काय?”

“त्यांना विचारा,” मी म्हणाले.

“तिला इच्यारा,” पलीकडून द्वारका म्हणाली.

शेडमधल्या बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मेस्त्री उद्यमनगरातला, बाहेरचा माणूस. त्याला ठाऊक नव्हतं. कारखान्यात मात्र झाडूवालीपासून सगळ्यांना माहीत होतं, की आम्हा दोघी जावांचा अबोला होता आणि तोही सहा-सात वर्षांचा, चांगला मुरलेला. एका घरात राहत होतो. मधे भिंत घालून चुली वेगळ्या केल्या होत्या. नळाला पाणी आलं तर ती भिंतीला सांगायची, मी भिंतीकडून ऐकायची. कारखान्यातही दोघींची मशीनं पाठीला पाठ लावून होती. बायकांच्या उंच चपलांच्या टाचा बनवायचो आम्ही. कापलेले चामड्याचे तुकडे चिकटवायचं सोल्युशन लावून एकावर एक रचायचे, दाबणीत दाबायचे आणि मग हातोडीनं खिळे ठोकायचे. जिची तिची दाबणी, जिची तिची हातोडी. बोलायची गरजच पडत नव्हती.

मग सदलगे मालकांच्या डोक्यात हे नवीन मशीन शिरलं. एका दणक्यात वरून ठोकळा थर दाबणार आणि खालून खिळे वर चढणार. पुढचीनं थर ठेवायचा, मागचीनं खिळ्यांची ताटली भरायची आणि पायडल मारायचं. मागचीला पुढचीचे हात दिसत नव्हते, कारण मधे ठोकळा. आमच्या जुन्या दाबण्या भंगारात गेल्या आणि मालकांनी फार हुशारी केल्यासारखं आम्हा दोघींनाच या मशीनवर बसवलं. म्हणाले, “घरच्याच हाईत, एकमेकींची नाडी ठाऊक असणार.”

नाडी! मला तिचा गळा ठाऊक होता, आणि तो कुठं धरायचा तेही.

कारण सांगते. माझे वडील गेले तेव्हा निरोप घेऊन माझा चुलतभाऊ ईश्वरा सकाळीच कारखान्याच्या दारात आला होता. मी तेव्हा मागच्या गोदामात चामडं आणायला गेले होते. मयताचा निरोप्या बसत नाही, पाणीसुद्धा घेत नाही. त्याला पुढं माझ्या आत्याच्या गावाला जायचं होतं. दारात द्वारका भेटली. तिला तो म्हणाला, “दादा गेले. मालनला लगोलग लावून द्या, दुपार कलंपर्यंत थांबतो आम्ही.” आणि निघून गेला. द्वारकानं मला सांगितलं कधी? संध्याकाळी, घरी जाताना, भाजीच्या गाड्यापाशी. एकदम थांबली आणि म्हणाली, “मालन, तुझा बाप गेला गं.” मी मिळेल त्या गाडीनं माहेरी पोचले तेव्हा राख अजून गरम होती. आई मला बघून रडली नाही, म्हणाली, “लेकीसाठी किती येळ ठिवायचं?”

त्या दिवशी सकाळीच आमचं दोघींचं भांडण झालं होतं. मी तिला म्हणाले होते, “तुम्हाला माझ्या माहेरचं कुत्रंसुद्धा दारात आलेलं खपत नाही.” तिनं त्याचा सूड घेतला, हे मला लखलखीत दिसत होतं. सबंध भावकीला दिसत होतं. तिनंही कधी नाही म्हटलं नाही. हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याचाच मला जास्त राग. म्हणून मी ठरवलं, आधी तिनं तोंड उघडायचं, आणि उघडायचं ते त्या दिवसाबद्दल. का केलं ते सांगायचं. तोवर माझ्याकडून शब्द नाही.

आणि आता हा मेस्त्री मला सांगत होता, मीच आधी हं म्हणायचं.

मी म्हटलं नाही. थर ठेवला की हातोडीच्या दांड्यानं टेबलावर ठक्‌ करायची. ते ऐकून ती पायडल मारायची. दोन-चार दिवस झकास चाललं. मेस्त्री येऊन बघायचा आणि चरफडायचा.

“मशीन हाय का तमाशाची ढोलकी? सगळ्या शेडात हातोड्या वाजाल्यात. कुठली कुणाची, कसं कळणार?”

“आम्हाला कळतं,” मी म्हणाले.

“तुम्हाला?” तो म्हणाला. “तुम्हा दोघींना एकमेकींचं कळतं?”

त्याचं म्हणणं खरं ठरायला फार वेळ लागला नाही. शेजारच्या टेबलावर कुणीतरी हातोडी आपटली, ठक्‌. माझा हात अजून साच्यात होता. थर वाकडा बसला होता, तो सरळ करत होते. वरून ठोकळा आला. मी हात ओढला कसा ते मला अजून सांगता येत नाही. हात सुटला, पण बांगड्या सापडल्या. हिरव्या काचेचा चुरा थरात बसला आणि खालून खिळे चढून तो तिथंच पक्का झाला. मनगटातून रक्ताची धार लागली.

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणतात. मी त्या दिवशी सगळ्या शेडला ऐकू जाईल असं ओरडले, “फोडला! माझा चुडा फोडला हिनं! बाप खाल्ला, आता नवऱ्यावर आलीय!”

द्वारका मशीनला वळसा घालून आली. पांढरीफटक पडली होती. तिनं स्वतःच्या पदराची किनार फाडली आणि माझा हात धरायला गेली. मी तो हिसडून घेतला आणि शेजारच्या बाईकडून फडकं बांधून घेतलं. ती फाटकी किनार हातात धरून तशीच उभी राहिली. मला त्याचं काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, बरंच वाटलं.

मालक आले. टाचेत बसलेल्या काचा बघून त्यांचाही चेहरा उतरला, पण आवाज चढला.

“कारखाना हाय का कोर्ट? कुणाची हातोडी, हिचा पाय, तिचं तोंड बंद! आजपास्नं हं ऐकू आलं न्हाई तर दोघींना घरी धाडीन. एकीला न्हाई, दोघींना.”

“मी पुढं बसणार नाही,” मी म्हणाले. “त्यांना पुढं बसवा. म्हणू देत त्या हं.”

मेस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. त्याला माझा डाव कळला असावा, कारण तोवर कुणीतरी त्याला सगळं रामायण सांगितलं होतं. पण जागेची अदलाबदल करायला त्याची हरकत नव्हती. द्वारकानंही काही न बोलता आपला पाट उचलला आणि पुढं येऊन बसली.

मी ताटलीत खिळे भरले, पायडलपाशी पाय ठेवला आणि वाट बघत बसले. पलीकडं थर साच्यात बसल्याचा आवाज आला. हात बाहेर निघाल्याचा नाही, बांगड्यांची किणकिण नाही. तिनं आपल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून दोरीनं बांधल्या होत्या. शेडमधल्या बायकांनी हातोड्या थांबवल्या होत्या. त्यांना फुकटचा खेळ होता.

“हं,” द्वारका म्हणाली.

मी पायडल मारलं. इतकी वर्षं वाट बघितली आणि आलं काय, तर हं! म्हैस हाकताना गुराखीसुद्धा यापेक्षा जास्त बोलतो. तरी पण ती आधी बोलली, मी नाही, एवढं समाधान मी पदरात पाडून घेतलं आणि घरी जाऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो म्हणाला, “दोघी मिळून येड्या झालाय.”

पुढं दिवसभर हं, हं चालायचं. मग त्याच्या मागं एखादा शब्द चिकटून यायला लागला. “थांब, वाकडं झालं.” “खिळं कमी पडल्यात.” “हं, मार.” मी उत्तर देत नव्हते, पण थांब म्हटलं की थांबत होते आणि खिळे कमी म्हटलं की टाकत होते. एकदा तिनं, “पुढचा सगळा गठ्ठा पोचट चामड्याचा हाय, कोण निवडतंय कुणास ठाऊक,” असं म्हटलं. चामडं निवडायचं काम माझं होतं. मी आणखी पोचट तुकडे काढून तिच्या पुढ्यात ढकलले. तिनं तेही एकेक करून माझ्याकडं परत फेकले. त्या दिवशी आमचं भांडण झालं म्हणायला हरकत नाही, फक्त मी माझी बाजू चामड्यानं लढवली.

तिकडं मेस्त्री मशीनभोवती फिरत राहायचा. खाली वाकायचा, पट्टीनं काहीतरी मापायचा, खडूनं जमिनीवर रेघा ओढायचा. माझ्या मनगटावरची पट्टी दिसली की नजर वळवायचा. एकदा म्हणाला, “ह्ये तोंडावरचं काम हाय वैनी. तोंडावर मशीन चालवायचं म्हंजे आज न्हाई उद्या हात जाणार. मला त्ये बदलाय पायजे.”

“तोंडं बदला,” मी म्हणाले.

“त्ये माझ्या हातात न्हाई,” तो म्हणाला आणि पुन्हा मशीनखाली शिरला.

आणि एका दुपारी जेवणाची सुट्टी संपून नुकतं काम सुरू झालं होतं. थर साच्यात बसल्याचा आवाज आला. मी ‘हं’ची वाट बघत होते. हं आलं नाही.

“त्या दिशी,” द्वारका म्हणाली, “ईश्वरा आला तवा—”

माझा पाय पायडलवरून खाली आला. मी मशीनच्या बाजूनं डोकं काढलं. तीही वाकली होती. इतक्या वर्षांत तिचं तोंड मी एवढ्या जवळून बघितलं नव्हतं. कानशिलं पिकली होती.

तेवढ्यात दाराजवळचा खटका पडला आणि मशीन बंद झालं. बाबालाल मेस्त्री दोन हमालांसह दारातून आत येत होता. हमालांच्या खांद्यावर लोखंडी दांडे आणि सळ्या होत्या.

“उठा, उठा वैनी! मिळालं! काम झालं!” तो ओरडत होता. “आता कुणी कुणाला काय बोलायची गरजच न्हाई!”

मला त्याच्या डोक्यात हातोडी घालावीशी वाटली. द्वारका पदर सावरून उठली आणि टाचा घासायच्या चाकाकडं जाऊन बसली. मी वाट बघितली, ती काही परत बोलायला आली नाही. घरी भिंतीलाही काही बोलली नाही.

मेस्त्रीनं मशीन उघडून टाकलं. पायडल काढून कोपऱ्यात फेकलं. पुढच्या बाजूला दोन दांडे बसवले, मागच्या बाजूला दोन. खालून सगळ्यांना सळ्या जोडल्या. काम पुरं झाल्यावर त्यानं मालकांना बोलावून आणलं. शेडमधल्या बायकाही भोवती गोळा झाल्या. घासायचं चाक तेवढं मागं घरघरत होतं.

“हे बगा,” मेस्त्री म्हणाला. “पुढचीचे दोन हात दांड्यावर, मागचीचे दोन हात दांड्यावर. चारी दांडे दाबले, तरच ठोकळा सुटतोय. एक जरी हात साच्यात असंल, तर मशीन मेल्यागत उभं ऱ्हाणार. बोलाय नको, ऐकाय नको. मुक्याभैऱ्यांनी चालवावं.”

“शाब्बास!” मालक म्हणाले. “घ्या, चालवून दाखवा.”

द्वारकानं थर ठेवला. आपले दोन्ही हात दांड्यांवर ठेवले आणि दाबले. मी ताटली भरली आणि हात मांडीवर ठेवून बसले.

मशीन उभं राहिलं.

“वैनी, दाबा,” मेस्त्री म्हणाला.

मी हलले नाही.

“काय बिघडलं काय?” मालक म्हणाले.

“काय बिघडलं न्हाई. त्यांनी दाबलं न्हाई अजून. वैनी, दाबा की!”

माझ्या लक्षात आलं होतं ते मेस्त्रीच्याही लक्षात आलं नव्हतं. पायडल होतं तोवर दुसऱ्या कुणीही पाय मारला असता तरी ठोकळा खाली आला असता. आता मी जागेवर बसून असेपर्यंत माझ्या दोन हातांवाचून जगातली कुठलीच ताकद तो ठोकळा खाली आणू शकत नव्हती. मी बाजूनं वाकले आणि सरळ तिच्या तोंडाकडं बघितलं. थोरली जाऊ म्हणून मी तिला जन्मात कधी एकेरी बोलले नव्हते.

“पुढचं सांग,” मी म्हणाले. “ईश्वरा आला तेव्हा काय? सांगितल्याशिवाय मी हात लावणार नाही.”

मालक काहीतरी बोलणार होते, मेस्त्रीनं त्यांच्या दंडाला धरलं. द्वारकाचे हात दांड्यांवरच होते. तिनं दांडे सोडले नाहीत. वाकून तिनं तोंड माझ्या कानाशी आणलं. चाकाच्या घरघरीत ती बोलली ते फक्त मला ऐकू आलं.

“ईश्वरा सांगून गेला. मी तुला हाक माराय आत आले. तू गोदामात. मी तिकडं निघाले हुते, देवाशप्पत निघाले हुते. तेवढ्यात माझ्या दाबणीचा पट्टा तुटला. मालक वरडाय लागले, ऑर्डर जायाची हाय म्हून. मी पट्टा शिवत बसले. आनि मला इसर पडला.”

मला आधी कळलंच नाही. “काय पडला?”

“इसर. ध्यानातनंच गेलं. भाजी घेताना एकदम आठवलं.”

इतकी वर्षं मी तिचा सूड सांभाळला होता. तो किती बारकाईनं केला असेल, दिवसभर माझ्याकडं बघून मनात कशी हसली असेल, हे सगळं मी रात्रंदिवस रचलं होतं. आणि तिथं होता फक्त एक तुटका पट्टा. माझ्या बापाचं मरण पट्ट्यापुढं हिच्या ध्यानात राहिलं नाही! मला सूड चालला असता. वैर चाललं असतं. हे मला सोसेना.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तुझा बाप मेला आनि मला इसर पडला, म्हून सांगू?” तिचा आवाज फाटला. “मानूस म्हनलं असतं का मला कुनी? तू वैरीण म्हनलीस, त्ये बरं वाटलं गं. वैर धराय तरी मानसाला ध्यानात ठेवाय लागतंय.”

ती मागं झाली. मला तिचे दांड्यांवरचे हात दिसले. चामडं कापून कापून बोटांना भेगा पडलेले, नखांत सोल्युशन सुकलेलं. माझेही तसेच होते.

“काय म्हणाली?” मालकांनी विचारलं. भोवतालच्या बायकांनी माना पुढं काढल्या. त्यातल्या तिघी-चौघी आमच्याच भावकीतल्या होत्या. संध्याकाळच्या आत ते गल्लीभर होणार होतं.

द्वारका माझ्याकडं बघत होती. तिनं हात जोडले नाहीत, डोळ्यांनीही काही मागितलं नाही. फक्त वाट बघत होती, मी तिला काय म्हणून जाहीर करते त्याची.

“मुद्दाम केलं म्हणते,” मी मोठ्यानं सांगितलं.

“अगं बया!” मागून कुणीतरी म्हणालं.

“खरं का काय?” मालकांनी तिला विचारलं.

द्वारकानं एकदा माझ्याकडं बघितलं, मग मालकांकडं.

“व्हय,” ती ठासून म्हणाली. “मुद्दामच केलं. हिच्या तोंडाची मस्ती जिरवाय.”

“मेल्ये, तुला कीड पडेल!” मी ओरडले आणि दोन्ही दांडे धरून जोरानं खाली दाबले. तिनंही दाबले. ठोकळा आला, खिळे चढले, टाच तयार झाली. बाबालाल मेस्त्रीनं ती उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि मालकांच्या हातात दिली.

त्या मशीनवर आम्ही दोघी कारखाना बंद पडेपर्यंत बसलो. तसली मशीनं मेस्त्रीनं पुढं बेळगावापर्यंत विकली. द्वारका गेली त्यालाही आता बरेच दिवस झाले. तिच्या दिवसकार्याला भावकीतल्या बायकांनी मला पुन्हा तेच विचारलं, की खरंच तिनं तेव्हा तसं केलं होतं का गं?

“केलं होतं,” मी म्हणाले. “अगदी आठवणीनं केलं होतं.”